पोटातल्या गॅसचं कारण शोधायचं तर आधी काय, नंतर काय

सतत गॅस होणारी माणसं साधारण एकाच वाटेने चुकत जातात. आधी मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी. मग ओवा, हिंग, जिऱ्याचं पाणी. मग कुणीतरी सांगितलं म्हणून दूध बंद, दुसऱ्याने सांगितलं म्हणून गहू बंद, शेवटी डाळीही बंद. तीन महिन्यांनी ताटात भात आणि दुधीची भाजी उरते, वजन उतरलेलं असतं आणि गॅस तसाच असतो. नेमकं कशाने काय होत होतं, हे आता शोधणंही अवघड होतं, कारण सगळं एकदम बदललेलं असतं. गहू सोडून महिने झाले असतील तर सिलिॲक आजाराची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते तो आजार) रक्ततपासणी आजार असूनही ‘नॉर्मल’ येऊ शकते.

म्हणून खालच्या पायऱ्या उलटसुलट करू नका. सगळं पूर्ण व्हायला दोन-तीन महिने लागतात. बऱ्याच जणांचं काम चौथ्या किंवा सहाव्या पायरीवरच होतं, पुढे जावंच लागत नाही.

एक अपेक्षा आधीच नीट करून घ्या. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणं हे निरोगी पोटाचं लक्षण आहे, आणि उसळीच्या दिवशी त्याहून थोडं जास्त होणारच. शोध घ्यायचा तो त्रास होत असेल तर: पोट फुगून दुखतं, झोप मोडते, संध्याकाळी कमरेचे कपडे सैल करावे लागतात, चारचौघांत बसणं नको होतं.

## तयारी

एक साधी वही, शिवणकामाची टेप, घरातल्या सगळ्या गोळ्या-चूर्णांची पिशवी आणि मागचे रिपोर्ट एकत्र काढा. सुरुवातीसाठी असे आठवडे निवडा की ज्यात लग्नकार्य, लांबचा प्रवास, नवरात्राचे उपवास किंवा परीक्षा नाहीत. गणपतीच्या दहा दिवसांत कुठलाही आहारप्रयोग तडीस जात नाही.

## पायरी १: हा खरंच पोटाचा गॅस आहे ना?

आपल्याकडे ‘छातीत गॅस अडकलाय’ म्हणून सोडा पिऊन झोपलेली माणसं हृदयविकाराने दगावतात. त्यामुळे ही पायरी वगळायची नाही.

छातीत जडपणा किंवा दाब, दरदरून घाम, डावा हात, जबडा किंवा पाठीत कळ, धाप लागणं यांपैकी काही असेल तर ओवा चावत बसू नका. १०८ ला फोन करा, किंवा ईसीजी होईल अशा जवळच्या रुग्णालयात जा, आणि स्वतः गाडी चालवू नका. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात छातीत कळ न येता नुसती मळमळ, अस्वस्थपणा किंवा वरच्या पोटात भरल्यासारखं वाटणं एवढीच लक्षणं असू शकतात.

आणखी एक प्रकार फार फसवा आहे. जिना किंवा चढ चढताना छातीत ‘गॅस भरतो’, थांबलं की एक ढेकर येते आणि मोकळं वाटतं. लोक श्रेय ढेकरेला देतात, पण बरं वाटलेलं असतं थांबल्यामुळे. श्रमाने येणारा आणि विश्रांतीने जाणारा त्रास हा आधी हृदयाच्या डॉक्टरांचा विषय आहे.

तातडीने रुग्णालय: पोट टणक फुगलंय, उलट्या होतायत, आणि वायूही सरत नाही, शौचालाही होत नाही. आतडं अडलेलं असू शकतं.

या आठवड्यातच डॉक्टर: कारणाशिवाय वजन घटणं, शौचातून रक्त किंवा काळी शी, रक्तक्षय, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, गिळताना अडकणं, कावीळ, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पंचेचाळीशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. आपल्याकडे वजन घटणं, संध्याकाळचा ताप आणि पोटदुखी एकत्र असेल तर आतड्याच्या क्षयाचाही विचार करावा लागतो. पन्नाशीपुढच्या स्त्रीचं पोट नव्याने आणि रोजच फुगू लागलं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटतंय, तर अंडाशयाची तपासणी हवी. तिला ‘गॅसच आहे’ म्हणून महिनोन्‌महिने चूर्णावर ठेवू नका.

यांतलं काही नसेल तरच पुढे.

## पायरी २: त्रास वरचा, मधला की खालचा?

ढेकरा. ढेकरेतली हवा बहुतेक गिळलेली असते. भराभर खाणं, खाताना बोलणं, सोडा-कोल्ड्रिंक, च्युइंगगम, तंबाखू-सुपारी चघळणं, सैल कवळी ही नेहमीची कारणं. पण काही जणांना एकामागून एक, मिनिटाला कित्येक ढेकरा येतात. अशा माणसाला झोपेत ढेकरा येतात का आणि तो बोलण्यात रमला की थांबतात का, हे घरच्यांनी पाहायचं. थांबत असतील तर हवा पोटातून येतच नाही. नकळत छातीपर्यंत ओढून ती लगेच बाहेर टाकण्याची सवय जडलेली असते. तिला पोटाने श्वास घेण्याचा सराव लागू पडतो, आहार बदलून काही होत नाही.

फुगणं. टेपचा उपयोग इथे. सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवणाआधी बेंबीवरून पोटाचं माप घ्या. माप वाढतं की नुसतं फुगल्यासारखं वाटतं, दोन्ही खरंच त्रासदायक आहे, पण डॉक्टरांना फरक कळायला हवा. माप वाढलं म्हणजे आत गॅसचा साठा असेलच असंही नाही. काहींच्या बाबतीत छाती-पोटामधला स्नायूचा पडदा जेवणानंतर खाली दाबला जातो आणि पोटाचे स्नायू सैल पडतात, म्हणून पोट पुढे येतं.

खालून सरणारा वायू. हा बहुतांशी मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेली साखर आंबवतात त्यातून येतो. आहाराचा शोध प्रामुख्याने याच्यासाठी आणि फुगण्यासाठी आहे.

## पायरी ३: औषधांची पिशवी उलटी करा

अन्नाला दोष देण्याआधी हे पाहा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने अनेकांना गॅस आणि पातळ शौच होते. अकार्बोज आणि वोग्लिबोज ही औषधं तर पिष्ट पदार्थांचं पचन लांबवूनच काम करतात, त्यामुळे न पचलेला भाग खाली जाऊन गॅस होणारच. बद्धकोष्ठतेचं गोड लॅक्ट्युलोज सरबत, ‘शुगर-फ्री’ गोळ्या आणि च्युइंगगममधलं सॉर्बिटॉल, एकदम मोठ्या चमच्याने सुरू केलेला इसबगोल यांनीही तेच होतं. लोहाच्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधं बद्धकोष्ठता करतात, आणि ती गॅस वाढवते.

सावधान: मधुमेहाचं किंवा रक्तदाबाचं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. ‘हे औषध सुरू झालं त्या महिन्यापासून गॅस आहे’ एवढं डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा गोळीचा प्रकार बदलता येतो.

## पायरी ४: दोन आठवडे काहीही न बदलता वही लिहा

लोक हीच पायरी टाळतात. माझ्या मते सर्वांत जास्त उत्तरं मात्र इथेच मिळतात. नेहमीचंच खा, नेहमीच्याच वेळी खा आणि लिहा. एका दिवसाची नोंद अशी दिसायला हवी:

*सकाळी ७: चहा, एक कप, अर्ध दूध, ३ मारी. ९.३०: कांदेपोहे. १.१५: दोन पोळ्या, मटकीची उसळ एक वाटी, ताक, दहा मिनिटांत जेवण, मीटिंग होती. ५: चहा, एक सफरचंद. ६.४५: पोट टम्म, त्रास १० पैकी ७. ८.३०: भात-आमटी. शौच: सकाळी, खडे, जोर करावा लागला. झोप: ५ तास.*

या पानावरचा माणूस हमखास सफरचंदाला किंवा पाचच्या चहाला दोष देईल. पण दुपारची मटकी मोठ्या आतड्यात पोचून आंबायला साधारण चार-सहा तास लागतात, म्हणजे पावणेसात. दुधाचा त्रास त्यामानाने लवकर, अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत दिसतो. कडधान्यं, कांदा, लसूण, गहू यांचा उशिरा, कधी दुसऱ्या सकाळीसुद्धा. म्हणून त्रास झाला की शेवटच्या खाण्यावर थांबू नका, आधीच्या दोन जेवणांकडे मागे जा.

शौचाची नोंद लाजून सोडू नका. खडे, भेगांची, मऊ, पातळ, तरंगणारी, चिकट-तेलकट असं स्पष्ट लिहा. पाळी येण्याआधीचे दिवस, जागरण आणि ताण यांचीही खूण करा.

तपासा: चौदापैकी निदान अकरा-बारा दिवस पूर्ण भरलेत का? नसतील तर आणखी आठवडा लिहा. आठवणीने भरलेली पानं धरू नका.

## पायरी ५: पदार्थ सोडण्याआधी तपासण्या

सिलिॲकची तपासणी गहू खात असतानाच करायची. ‘टीटीजी आयजीए’ आणि सोबत ‘टोटल आयजीए’ अशी दोन नावं लिहून न्या. दुसरी का? काही जणांच्या शरीरात आयजीए नावाचे प्रतिपिंडच कमी असतात, मग पहिली तपासणी खोटा दिलासा देते. गॅससोबत रक्तक्षय, वजन न वाढणं, वारंवार जुलाब असतील तर ती नक्कीच करा. गहू आधीच सोडला असेल तर डॉक्टरांना विचारून काही आठवडे पुन्हा खावा लागतो.

बाकी तपासण्या डॉक्टर लक्षणांवरून ठरवतील: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि शौचाची तपासणी. दुर्गंधी वायू, तेलकट शी आणि त्रास पाणी बदलल्यापासून किंवा प्रवासानंतर सुरू झालेला, असं असेल तर जिआर्डिया हा जंतू असू शकतो. एका नमुन्यात तो निसटतो, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने किंवा अँटिजेन चाचणी मागतात. वरच्या पोटात जळजळ-दुखणं असेल तर एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूची तपासणी. त्याच्या शौच किंवा श्वास-चाचणीआधी ॲसिडिटीच्या गोळ्या साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद असावी लागतात.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली एक ओळ: ‘एक्सेसिव्ह बॉवेल गॅस’ लिहिलेलं असलं की लोक ते निदान समजून बसतात. रेडिऑलॉजिस्टला त्यातून बहुतेकदा एवढंच सांगायचं असतं की आतड्यातल्या हवेमुळे मागचे अवयव नीट दिसले नाहीत. शंभर-दीडशे पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या ‘आयजीजी फूड सेन्सिटिव्हिटी’ तपासणीवर पैसे घालवू नका. अन्नाविरुद्धचे आयजीजी प्रतिपिंड निरोगी माणसातही असतात, त्यावरून काय सोडायचं ते ठरत नाही.

## पायरी ६: आधी पोट साफ, मग जेवायची रीत

वहीत खडे, जोर, अर्धवट झाल्याची भावना दिसत असेल तर आहारातून पदार्थ काढण्याआधी बद्धकोष्ठता सोडवा. शौच अडून राहिली की अन्न आतड्यात जास्त वेळ आंबतं आणि वायूला वाटही मिळत नाही. ‘मला रोज होते’ म्हणणाऱ्यांचंही पोट पूर्ण साफ होत असेलच असं नाही. सकाळी चहा किंवा न्याहारीनंतर ठरलेल्या वेळी बसा. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. इसबगोल एका लहान चमच्याने, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत सुरू करा आणि आठवड्याने वाढवा. पहिल्या काही दिवसांत गॅस थोडा वाढतो, तेवढ्यावरून सोडू नका. तरीही जोर करावाच लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. काही जणांचे गुदद्वाराचे स्नायू जोर करताना सैल होण्याऐवजी आवळतात आणि त्याचा उपचार वेगळा आहे.

याच काळात जेवण वीस मिनिटांपर्यंत लांबवा, जेवताना फोन बाजूला ठेवा, सोडा आणि च्युइंगगम बंद करा, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली करा.

तपासा: दोन आठवड्यांनी वहीतले आकडे निम्म्यावर आले असतील तर इथेच थांबा. चांगलं चाललेलं अन्न उगाच काढू नका.

## पायरी ७: एका वेळी एकच गट काढा

क्रम वहीवरून ठरवा. वही काही सांगत नसेल तर हा घ्या.

दूध, दोन आठवडे. नुसतं पेल्यातलं दूध नाही. चहातलं दूध, खीर, बासुंदी, पेढे, आईस्क्रीम, दुधाची पावडर घातलेली बिस्किटं, सगळं. तूप चालतं, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) जवळपास नसतं. मग कसोटी: सकाळी २५० मिली साधं दूध, सोबत काही नाही. त्यात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. तीन तासांत पोट गुडगुडलं, फुगलं, जुलाब झाले तर दुसऱ्या कुठल्या दिवशी पुन्हा करून खात्री करा. पचत नसलं तरी दूध हद्दपार करायचं कारण नाही. बहुतेकांना जेवणासोबत थोडं दूध, दिवसाचे दोन चहा, दही आणि ताक चालतं. शंका उरली तर हायड्रोजन श्वास-चाचणी करता येते. तिच्याआधी रात्रभर उपाशी राहावं लागतं, आदल्या दिवशी साधा भात आणि अंडं किंवा मासा यांसारखं सौम्य जेवण लागतं आणि चार आठवड्यांत प्रतिजैविकं घेतलेली नसावीत.

कांदा, लसूण, गहू. दोन ते चार आठवडे. तिघांतही फ्रुक्टॅन नावाची साखरसाखळी असते आणि ती कुणालाच पचत नाही. फरक एवढाच की काहींना तिचा त्रास होतो. पोळीऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी आणि भात. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग. लसणाची चव हवीच असेल तर पाकळ्या तेलात तळून काढून टाका. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, तेलात नाही, म्हणून फोडणीत चव उतरते पण ते नाही. आमटीत घालून काढलेली पाकळी मात्र चालत नाही. कांदा-लसूण मसाला, शेवभाजीचं तयार वाटण, हॉटेलची ग्रेव्ही यांत कांदा-लसूण असतोच. गोडा मसाला साधारणपणे चालतो, तरी पाकीट वाचा. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचलीत तर अनेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा दिसेल. या प्रयोगात चिमूटभराने बिघडत नाही, पण सिलिॲकच्या रुग्णाला तोच हिंग बाधतो.

चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांच्या हातात अर्धी माहिती आधीच आहे: ते चार महिने पोट शांत असतं का? मात्र उपवासाचे दिवस वेगळे मोजा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि तळण एकाच दिवशी आलं की जडपणा येतो, त्याचा कांद्याशी संबंध नाही.

कडधान्यं. ही काढण्याआधी शिजवण्याची रीत बदला. त्यांतल्या रॅफिनोज-स्टॅकिओज साखरा पचवणारं विकर माणसात नसतंच. आठ-बारा तास भिजवा, ते पाणी फेका, मोड आणा, नव्या पाण्यात बोटाने चेपेल इतकं मऊ शिजवा. मुगापासून सुरुवात करा. पावटा, वाल, वाटाणा, हरभरा, राजमा शेवटी. आठवड्यातून एकदा मोठा वाडगा मिसळ खाण्यापेक्षा रोज पाव वाटी मूग बरे. बऱ्याच जणांचं पोट दोन-तीन आठवड्यांत सरावतं.

सफरचंद, आंबा, कलिंगड, फ्लॉवर, मशरूम, काजू हे वहीत दिसले तरच तपासा.

सावधान: मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेल्या ‘फॉडमॅप’ आहारात हे सगळे गट एकदम काढतात, पण तोही दोन ते सहा आठवड्यांसाठीच. जन्मभरासाठी तो नाही. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वजन कमी असलेली माणसं आणि पूर्वी खाण्याचे विकार झालेल्यांनी आहारतज्ज्ञाशिवाय तो करू नये.

## पायरी ८: परत आणा

पदार्थ काढून बरं वाटलं म्हणून इथेच थांबणं ही सर्वांत महाग चूक आहे. बरं वाटलं ते पदार्थ काढल्यामुळे की त्या आठवड्यात ताण कमी होता म्हणून, हे परत खाल्ल्याशिवाय कळत नाही.

एका वेळी एक पदार्थ, तीन दिवस: पहिल्या दिवशी पाव, दुसऱ्या दिवशी अर्धं, तिसऱ्या दिवशी नेहमीचं प्रमाण. त्रास झाला की थांबा. पोट पूर्ववत व्हायला दोन-तीन दिवस द्या, मग पुढचा पदार्थ. गहू, कांदा, लसूण वेगवेगळे तपासा. एकाच साखरेचे असले तरी पोळी चालते आणि कच्चा कांदा चालत नाही अशी माणसं खूप आहेत. प्रत्येक पदार्थासमोर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहू नका, प्रमाण लिहा: कांदा, शिजलेला, एक चमचा चालतो.

## दरम्यान आराम कशाने?

चालणं, डाव्या कुशीवर पडणं, गुडघे पोटाशी घेणं. ओवा-बडीशेप जेवणानंतर थोडी, कुणाची हरकत नाही. सिमेथिकोन बुडबुडे फोडतं, काहींना बरं वाटतं, पण कारण तसंच राहतं. फसफसणारी पावडर पोटातल्या आम्लाशी मिळून कार्बन डायऑक्साइडच तयार करते. ढेकर येते ती त्याची. तिच्यात सोडियम भरपूर असतं, म्हणून रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी रोज घेऊ नये. पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्या आम्ल कमी करतात, मोठ्या आतड्यातल्या गॅसला त्यांचा उपयोग नाही. वर्षानुवर्षं चालू असेल तर ती का चालू आहे हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. एकदम सोडल्यास काही दिवस जळजळ उसळून येते, म्हणून कमी कशी करायची तेही विचारा.

## पायरी ९: पुन्हा डॉक्टरांकडे

आठ-दहा आठवड्यांनी सगळं करूनही फरक नसेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा, आणि ‘गॅसचा खूप त्रास आहे’ एवढंच सांगू नका. असं सांगा: “त्रास दीड वर्षापासून, बेंबीखाली, जेवणानंतर पाच तासांनी. सकाळ-रात्रीच्या मापात सात सेंटिमीटर फरक. शौच रोज, पण जोर लागतो. वजन स्थिर. दूध बंद केल्याने फरक नाही, कांदा बंद केल्याने निम्मा. सिलिॲकची तपासणी गहू खाताना केली, निगेटिव्ह.” एवढ्यावरून ते पुढची दिशा ठरवू शकतात: लहान आतड्यात जिवाणू वाढलेत का, पोट रिकामं व्हायला वेळ लागतोय का, आतड्याची संवेदनाच तीव्र झाली आहे का. शेवटच्या प्रकारात मेंदू-आतड्याच्या संदेशांवर काम करणारी औषधं अगदी कमी मात्रेत देतात. चिठ्ठीत नैराश्यावरचं औषध दिसलं म्हणून दचकून बंद करू नका, ते कशासाठी दिलंय हे तिथेच विचारून घ्या.

सहा महिन्यांनी न चाललेले पदार्थ एकेक करून पुन्हा थोड्या प्रमाणात तपासा. जुलाबाच्या आजारानंतर न पचणारं दूध पुढे पचू लागतं, आणि पोट साफ राहू लागल्यावर अनेकांना कांदाही पुन्हा चालतो.